अलाउ की ब्लॉक: ब्राउझरच्या सेटिंगची टिपणे

१
शेजारच्या काकांचा फोन. "लॅपटॉपला व्हायरस लागलाय. दर पाच मिनिटांनी सांगतोय." जाऊन पाहिलं. उजव्या कोपऱ्यात खालून एक चौकट वर येत होती: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले, ताबडतोब इथे क्लिक करा. व्हायरस एकही नव्हता. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन नोटिफिकेशनची परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी उघडली. सत्तावीस नावं. पंचांग, दहावीचा निकाल, जुनी नाट्यगीतं, क्रिकेटचा स्कोअर. आणि नऊ-दहा नावं अशी की उच्चारताही येऊ नयेत.

"मी यांना कधी हो म्हटलं?" काका.

म्हटलं होतं. काही पानांवर लिहिलेलं असतं, 'तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा.' माणूस दाबतो. त्या बटणाचा रोबोशी काही संबंध नसतो, ती नोटिफिकेशनची परवानगी असते. सगळी नावं काढली. पंचांग ठेवायला सांगितलं, ते ठेवलं. त्याच पानावर 'साइट्सना विचारूच देऊ नका' असा पर्याय आहे, तो लावला. पाच मिनिटं दोघंही स्क्रीनकडे बघत बसलो. काही आलं नाही.

२
सेटिंगमध्ये शीर्षक असतं 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'. मधल्या 'अँड'मुळे दोन्ही गोष्टी एकच वाटतात.

३
कुकी १९९४ सालची. नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या इंजिनिअरने काढली. वेबसाइटला आधीचं काही आठवत नसे. प्रत्येक पान उघडलं की तिच्या लेखी आपण नवीन. खरेदीची टोपली लक्षात ठेवायची तर काहीतरी चिठ्ठी हवी, म्हणून कुकी. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकण्याचा सोपा रस्ताही समोर होता. त्या क्रमांकावरून माणसाचा माग साइटोसाइटी काढता येईल, म्हणून माँटुलीने तो सोडला. कुकी ज्या साइटने ठेवली तिलाच परत दिसावी, अशी रचना केली.

पुढे जाहिरात कंपन्या हजारो साइट्सच्या पानांत आपला तुकडा बसवू लागल्या. तुकडा त्यांचा, म्हणून कुकीही त्यांची, आणि ती प्रत्येक पानावर त्यांनाच दिसणार. थर्ड पार्टी कुकी म्हणतात ती हीच.

४
सफारीने थर्ड पार्टी कुकीज सगळ्यांसाठी बंद केल्या मार्च २०२० मध्ये. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. गुगलने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं, क्रोममधून दोन वर्षांत काढू. मुदत वाढली, पुन्हा वाढली. जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला.

क्रोममध्ये बंद करता येतात. आपल्या हाताने कराव्या लागतात, एवढंच. ते 'एवढंच' फार मोठं आहे. सेटिंगचं पान आयुष्यात एकदाही न उघडलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत.

५
थर्ड पार्टी कुकीज बंद केल्यावर आठवडाभरात काय अडलं, याची वहीत नोंद ठेवली. भाचीचा प्रवेश अर्ज भरताना पैसे भरायचं पान पुन्हा पुन्हा पहिल्या पायरीवर येत होतं. एका बातमीखालचा व्हिडिओ लॉगिन मागत राहिला. बाकी काही नाही. दोन्ही वेळा पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर जाऊन त्या एका साइटपुरती मुभा दिली, काम झालं.

एक साइट अडली म्हणून सगळं पहिल्यासारखं उघडं करून टाकणारे पुष्कळ भेटतात. तसं करू नये. अपवाद त्या साइटपुरता ठेवावा.

६
'सेफ ब्राउझिंग'मध्ये क्रोम तीन पर्याय देतो: नको, स्टँडर्ड, एनहान्स्ड. सगळ्या सेटिंगमध्ये मी सर्वांत जास्त वेळ इथे घालवला, कारण खरा सौदा इथे आहे.

फसव्या साइट्सची यादी गुगल ठेवतं. फायरफॉक्स आणि सफारीही ती वापरतात. स्टँडर्डमध्ये आपण उघडत असलेला पत्ता जसाच्या तसा जात नाही. त्याचा गणिती ठसा काढतात, त्या ठशाचा सुरुवातीचा छोटा भाग पाठवतात, आणि मार्च २०२४ पासून तोही मधल्या एका त्रयस्थ सर्व्हरमार्फत, म्हणजे विचारणारा कोण हे गुगलला कळू नये. एनहान्स्डमध्ये पत्ताच जातो. पानाचा काही नमुना, डाउनलोडची माहिती जाते. गुगल खात्यात लॉगिन असाल तर काही काळ ती खात्याशी जोडलीही जाते. मोबदल्यात काय? कालपर्यंत कुठल्याच यादीत नसलेली फसवी साइट पकडली जाण्याची शक्यता वाढते.

काकांना एनहान्स्ड लावलं. त्यांना सगळ्यात मोठा धोका खोट्या बँकेच्या पानाचा. पेन्शनचं खातं एकच आहे. आधी काय काय जाईल ते सांगितलं, ते म्हणाले जाऊ दे. कौटुंबिक खटले चालवणाऱ्या वकील मैत्रिणीला स्टँडर्ड लावलं. ती कुठली पानं उघडते यावरून तिच्या अशिलांच्या घरातलं कळेल. माझ्या मशीनवरच्या क्रोमला स्टँडर्ड. 'नको' कुणालाच नाही.

७
मित्राच्या सोसायटीच्या गेटवर रजिस्टर. नाव, मोबाईल, फ्लॅट नंबर, गाडीचा नंबर, आल्याची वेळ. माझ्या वरच्या ओळीत एका बाईंचं पूर्ण नाव आणि दहा आकडी नंबर स्वच्छ अक्षरात. माझ्या खालच्या ओळीचा माणूस माझा वाचणार. "चोरी झाली तर उपयोगी पडतं," वॉचमन म्हणाला. ते खरंच आहे.

८
अव्हास्ट हा जगभर घरोघरी वापरला गेलेला अँटिव्हायरस. त्याच्या ब्राउझर एक्स्टेन्शनची जाहिरात अशी की तुमचा माग काढणाऱ्यांना आम्ही अडवू. त्यातून गोळा झालेला लोकांच्या ब्राउझिंगचा तपशील जंपशॉट या उपकंपनीमार्फत शंभराहून जास्त कंपन्यांना विकला गेला. जानेवारी २०२० मध्ये जंपशॉट बंद केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

सुरक्षा देतो म्हणणाऱ्याला सगळं दिसतं. त्याखेरीज त्याचं काम चालतच नाही.

९
झेरॉक्सच्या दुकानात एका ओळखीच्यांचा फॉर्म प्रिंट करायला गेलो. दुकानदार चांगला माणूस, गर्दी सांभाळून प्रत्येकाला मदत करतो. सरकारी साइटवरून फॉर्म उतरवला आणि डाउनलोड्सचा फोल्डर उघडला. आमचा फॉर्म सगळ्यात वर. त्याखाली आधार, आधार, पॅन, उत्पन्नाचा दाखला, कुणाच्या तरी मुलीची गुणपत्रिका, परत आधार. स्क्रोल करत गेलो तरी शेवट येईना. फॉर्ममध्ये मोबाईलच्या रकान्यात पहिला आकडा टाकला, तर खाली सहा अनोळखी नंबरांची यादी उलगडली.

दुकानदाराला दोन गोष्टी दाखवल्या. ऑटोफिल बंद. गिऱ्हाइकाचं काम इन्कॉग्निटो विंडोत, आणि ती विंडो गिऱ्हाईक उठायच्या आत बंद. तिसरी गोष्ट हाताने करावी लागते: फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा करणे. इन्कॉग्निटोत उतरवलेली फाइल विंडो बंद केल्यावरही डिस्कवर तशीच राहते. हे त्याला माहीत नव्हतं. बऱ्याच जणांना नसतं.

१०
२४ ऑगस्ट २०१७. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा एकमुखी निकाल: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. याचिका निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची, आधारच्या संदर्भातली.

११
इन्कॉग्निटो म्हणजे त्या कॉम्प्युटरवर मागे हिस्टरी राहत नाही. साइटला आपण दिसतो. इंटरनेट देणाऱ्याला कुठल्या साइटवर गेलो ते दिसतं. ऑफिसच्या नेटवर्कलाही. २०२० साली अमेरिकेत गुगलवर यावरून खटला झाला. २०२४ मध्ये तडजोडीच्या अटी आल्या, त्यात गोळा केलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचं गुगलने मान्य केलं. विंडो उघडल्यावर दिसणारा मजकूरही बदलला.

झेरॉक्सच्या दुकानात उपयोग शंभर टक्के. बाकी ठिकाणी बेताचा.

१२
पत्त्याआधीचं कुलूप. जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी साइटला 'नॉट सिक्युअर' म्हणतो. २०२३ मध्ये क्रोमने ते कुलूपच काढलं, तिथे दोन सरकपट्ट्यांचं चिन्ह आलं. कुलूप म्हणजे साइट खरी, असा लोकांचा समज झाला होता. कुलूप एवढंच सांगत होतं की वाट बंदिस्त आहे, मधे कुणी वाचू शकत नाही. वाटेच्या टोकाला बँक बसलीय की भामटा, ते नाही. भामट्यालाही कुलूप फुकट मिळतं.

रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. पत्त्याचं शेपूट वाचायची सवय आता तरी लावून घ्यावी. काकांच्या टेबलासमोर कागद चिकटवलाय: बँकेचा पत्ता, मोठ्या अक्षरात, काळ्या स्केचपेनने.

१३
ती फुकटची कुलपं वाटणारी संस्था लेट्स एन्क्रिप्ट. तिच्या संस्थापकांपैकी एक पीटर एकर्सली. छोट्या संस्था, शाळा, एकट्या माणसांच्या साइट्सना पैसे न भरता सुरक्षित जोडणी मिळाली, त्यात त्याचा वाटा मोठा. सप्टेंबर २०२२ मध्ये तो गेला.

२०१० साली त्याने दुसरं एक काम केलं होतं. ईएफएफ या संस्थेतर्फे सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले. कुकी नाही, लॉगिन नाही. फक्त ब्राउझर स्वतःबद्दल काय सांगतो ते: आवृत्ती, स्क्रीनचा आकार, टाइम झोन, मशीनवरचे फाँट, प्लगइन. ८३.६ टक्के ब्राउझर त्या गर्दीत एकमेव निघाले. फिंगरप्रिंटिंग म्हणतात त्याला.

१४
फाँटच्या यादीवर अडखळलो. माझ्या जुन्या मशीनवर डीटीपीच्या दिवसांपासूनचे मराठी फाँट आहेत, दीडशेच्या वर. पुस्तकांच्या फाइली अजून त्यात आहेत, काढता येत नाहीत. जगात असा संच असलेली मशीन किती असतील?

ब्राउझर प्रत्येक साइटला भाषांचा क्रमही सांगतो. माझ्याकडे मराठी पहिली. इंग्रजी पहिली केली तर गर्दीत मिसळायला सोपं, हे कळतं. मराठी पहिलीच ठेवणार आहे. मराठी वाचक आहे हे साइट चालवणाऱ्यांना कळलं पाहिजे, नाहीतर मराठी पान कुणी करणार नाही.

१५
जास्त छेडछाड केलेला ब्राउझर जास्त वेगळा दिसतो. टॉर ब्राउझर उलट वाटेने जातो: सगळ्यांनी सारखं दिसायचं, म्हणून वरून एक्स्टेन्शन घालू नका असं तो सांगतो.

१६
ब्राउझर साइटला बॅटरी किती उरली तेही सांगू शकत असे. हेतू चांगला: चार्जिंग कमी असेल तर पान हलकं करावं. टक्केवारी आणि उरलेला वेळ यांच्या जोडीवरून मशीन ओळखता येतं असं संशोधकांनी दाखवलं. फायरफॉक्सने २०१७ साली ती सोय साइट्सकडून काढून घेतली.

१७
एचएसटीएस हा शुद्ध सुरक्षेचा नियम. 'या साइटवर नेहमी सुरक्षित जोडणीनेच ये' हे ब्राउझर लक्षात ठेवतो. लक्षात ठेवतो म्हणजे खूण राहते. अनेक उपपत्त्यांवर कुठे हो, कुठे नाही अशी मांडणी करून त्या खुणांचाच ओळखक्रमांक बनवला गेला. कुकीज पुसल्या तरी हा उरतो. २०१८ साली सफारीने त्याला लगाम घातला.

१८
मावशीच्या टॅबवर पंचांगाच्या साइटने लोकेशन मागितलं. सूर्योदयाची वेळ काढायची तर गाव कळायला हवं, मागणी रास्त आहे. 'या वेळेपुरती' असा पर्याय आहे, तो दाबला. कॅल्क्युलेटरच्या साइटनेही लोकेशन मागितलं. तिला ब्लॉक.

मावशीला सांगितलेला प्रश्न एकच: हिला हे कशाला हवं? दारावर आलेल्या माणसाला ती हे रोज विचारते, त्यामुळे लगेच कळलं.

१९
एक्स्टेन्शन बसवताना एक वाक्य येतं: सगळ्या वेबसाइट्सवरचा तुमचा सगळा डेटा वाचू आणि बदलू शकेल. अक्षरशः खरं आहे ते. बँकेचं पानही त्यात आलं.

'द ग्रेट सस्पेंडर' हे उघडे टॅब निजवून ठेवणारं गुणी एक्स्टेन्शन. वीस लाखांवर लोक वापरत. २०२० मध्ये मूळ लेखकाने ते विकलं. घेणारा कोण, कुणाला माहीत नाही. वापरणाऱ्यांना काही करावं लागलं नाही. अपडेट आपोआप आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते घातक म्हणून बंद केलं.

माझ्याकडे दोनच एक्स्टेन्शन: जाहिराती अडवणारं आणि पासवर्ड सांभाळणारं. वकील मैत्रिणीकडे चौदा होती. अकरा काढली. त्यातली सहा कशासाठी घेतली होती ते तिला आठवलं नाही.

२०
क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही३. कारण सुरक्षेचं दिलं, आणि वरचा किस्सा पाहता ते कारण खोटं नाही. त्याच नियमांमुळे यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती आणि माग दोन्ही अडवणारा चांगला ब्लॉकर क्रोममध्ये पूर्वीसारखा चालत नाही. त्याची 'लाइट' आवृत्ती आहे. फायरफॉक्समध्ये मूळचा चालतो. मी फायरफॉक्सवर आलो ते यासाठी.

२१
डीएनएस म्हणजे साइटचं नाव दिलं की तिचा आकडी पत्ता शोधून देणारी वही. एरवी ती चौकशी उघड्यावर होते, आणि बहुधा इंटरनेट कंपनीकडेच. ब्राउझरमध्ये 'सिक्युअर डीएनएस' लावलं की चौकशी बंद पाकिटातून जाते. पाकीट उघडणारा मात्र कुणीतरी असतोच: क्लाउडफ्लेअर, गुगल, जो निवडाल तो. स्टेशनच्या वायफायवर बसणाऱ्याने लावावंच.

२२
व्हीपीएन म्हणजे आपली जोडणी स्वतःच्या सर्व्हरमधून फिरवून आपला माग झाकणारी सेवा. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. हेतू सायबर सुरक्षेचा. एक्सप्रेस व्हीपीएन, नॉर्ड व्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले.

२३
'डू नॉट ट्रॅक'चं बटण बरीच वर्षं होतं. दाबलं की ब्राउझर प्रत्येक साइटला विनंती करी, माझा माग काढू नका. विनंती मानण्याचं बंधन कुणावर नव्हतं. फायरफॉक्सने २०२५ मध्ये बटण काढलं.

त्याच्या जागी 'ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल'. कॅलिफोर्नियात या खुणेमागे कायदा उभा आहे. तिथे २०२२ साली सेफोरा कंपनीने बारा लाख डॉलर भरले, या खुणेकडे दुर्लक्ष केलं हा त्यातला एक आरोप. आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे. त्याही आधीपासून भारतात बसून मी ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोलचं बटण दाबून ठेवलंय.

२४
मावशीचे पासवर्ड वहीत आहेत. कपाटात, साड्यांखाली. तिच्या नातवाने तिला रागावून सांगितलं की हे चुकीचं आहे. मला तसं वाटत नाही. परगावच्या चोराला ते कपाट उघडता येत नाही. लॅपटॉपला लॉगिनचा पासवर्डच नसेल आणि ब्राउझरमध्ये वीस पासवर्ड साठवलेले असतील, तर ते वहीपेक्षा जास्त उघडे.

ब्राउझरच्या बाजूने एक गोष्ट मोठी आहे. साठवलेला पासवर्ड तो खऱ्या पत्त्यावरच भरतो. एखाद्या अक्षराचा फरक डोळ्यांना दिसत नाही, त्याला दिसतो. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर हाताने टाकायच्या आधी पत्ता वाचा.

२५
झेरॉक्सच्या दुकानातल्या मशीनवर विंडोज ७. क्रोम १०९. पुढची आवृत्ती, ११०, फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. ती विंडोज ७ वर बसत नाही. तेव्हापासून सापडलेली क्रोममधली सगळी भोकं त्या मशीनवर उघडी आहेत, आणि रोज साठ-सत्तर लोकांचे आधार त्यातून जातात. कुकीज, डीएनएस, फिंगरप्रिंट यावर मी वर एवढं लिहिलं. या मशीनवर त्यातल्या कशाचाच उपयोग नाही. आधी अपडेट. क्रोम ऑगस्ट २०२३ पासून दर आठवड्याला सुरक्षेची दुरुस्ती पाठवतो. वर उजवीकडे 'रीलाँच' दिसलं की उद्यावर टाकू नका.

दुकानदाराला जुन्या मशीनवर लिनक्स टाकून देतो म्हणालो. प्रिंटर चालेल का, एवढंच विचारलं त्याने. रविवारी जाऊन बघतोय.

२६
काकांचा पुन्हा फोन. "एक खिडकी आलीय, अलाउ म्हणते. काय मागतेय ते वाचलं. मायक्रोफोन. बातम्यांच्या साइटला मायक्रोफोन कशाला?"
"मग?"
"ब्लॉक केलं. सांगायला फोन केला."

२७
सुट्टीत गावी जाल तेव्हा घरातल्या मोठ्यांच्या मशीनवर पंधरा मिनिटं द्या. अपडेट, नोटिफिकेशनची यादी, एक्स्टेन्शन, थर्ड पार्टी कुकीज, सेफ ब्राउझिंग, या क्रमाने. जे बंद कराल ते त्यांना शेजारी बसवून, विचारून बंद करा. आणि हिस्टरीचं पान उघडू नका. ते त्यांचं आहे.